वेताळ, हनुमान, तळजाई, पर्वती की थेट सिंहगड? उतार बघून ठरवा

पुण्यात रोज किंवा निदान शनिवार-रविवार चालायला जायचं ठरवलं की माणूस पहिलं विचारतो ते टेकडी किती उंच आहे, चढायला किती वेळ लागतो आणि वरून काय दिसतं. मी म्हणेन आधी उतार कसा आहे ते विचारा. चढताना दम लागतो, पण दम लागला की थांबता येतं, दोन मिनिटं उभं राहिलं की परत चालू. उतरताना तसं होत नाही, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळं वजन धरून ठेवायचं असतं, पावलागणिक गुडघ्यावर दाब येतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आल्यासारख्या दुखतात ना, ते बहुतेक आदल्या दिवशीच्या उतरण्याचंच असतं. त्यात आपल्या टेकड्या सगळ्या बेसॉल्टच्या. लाव्हाचे थर एकावर एक बसून हे पठार झालंय त्यामुळे माथे सपाट आणि कडा उभ्या, म्हणजे एकदा वर पोचलं की मस्त सपाटी मिळते पण तिथं जायचा-यायचा तुकडा मात्र तिरका, आणि त्याच तुकड्यावर सुटा मुरूम. उन्हाळ्यात तो बुटाखालून सरकतो आणि पावसाळ्यात उघड्या कातळावर शेवाळं धरतं. म्हणून खालची सगळी तुलना मी त्याच नजरेनं केलीय, व्ह्यू वगैरे नंतर.

सुरुवात वेताळ टेकडीपासून करू, कारण माझं मत विचाराल तर शहरात राहून चालणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा नाही. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, आणि शहर स्वतःच साडेपाचशेच्या आसपास असल्यामुळे प्रत्यक्ष चढ त्यातून वजा करून बघा, म्हणजे घाबरायचं कारण राहत नाही. खरी गंमत म्हणजे वर यायच्या वाटा किती आहेत. पाषाणच्या पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून, कोथरूडच्या बाजूनं, आणि शिवाय एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडं जाणारा डांबरी रस्ता. याचा फायदा असा की चढायचं एका वाटेनं आणि उतरायचं दुसऱ्या. गुडघे कुरकुर करत असतील तर पायवाटेनं चढा आणि डांबरी रस्त्यानं सावकाश खाली या, पाय सरकायचा प्रश्नच नाही. आणि समजा सोबत आई-बाबा आहेत, त्यांना चढ अजिबात झेपत नाही, तर एआरएआयच्या गेटापाशी सोडलं तरी तिथून वेताळबाबाच्या देवळापर्यंत आणि जुन्या दगडखाणीपर्यंत बऱ्यापैकी सपाट चालणं मिळतं. एकाच टेकडीवर तिशीतला पळणारा आणि सत्तरीतल्या आजी दोघांची सोय होते, असं मला दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

खाणीत पावसाळ्यानंतर पाणी साठतं, काठावर बसायला छान वाटतं पण कडा सरळ तुटलेल्या आहेत आणि पाणी किती खोल ते वरून कळत नाही, पाण्यात उतरू नका आणि लहान मुलांचा हात सोडू नका. सावलीचं म्हणाल तर निम्मं-निम्मं आहे. वनखात्यानं लावलेल्या गिरिपुष्पाची झाडी बरीच आहे, फेब्रुवारीच्या सुमाराला पानं गळून फिक्या गुलाबी फुलांनी भरते आणि दिसायला एकदम भारी दिसते, पण उन्हाळ्याच्या तोंडावर नेमकी पानंच नसतात त्यामुळे सावलीही नसते. मला स्वतःला झाडीपेक्षा मधले गवताचे मोकळे पट्टे जास्त आवडतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यात बारीक रानफुलं येतात आणि मोरांचा आवाज तर जवळजवळ वर्षभर. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे या टेकडीतून न्यायचे ठरले तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये लोक मोर्चा काढून रस्त्यावर आले होते, आणि ते बरोबरच केलं असं मला वाटतं, कारण शहराच्या मधोमध एवढी सलग जागा एकदा तुटली की परत जोडता येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, शहराचा व्ह्यू बघायचा म्हणून डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे गेलात तर हिरमोड होईल. रात्रीची थंड हवा खाली बसते, वर गरम थर राहतो, आणि त्या झाकणाखाली गाड्यांचा धूर आणि धुकं कोंडून राहतं, त्यामुळे खाली नुसता राखाडी थर दिसतो. ऊन चढल्यावर तो विरतो. हिवाळ्यात व्ह्यूसाठी दुपार कलल्यावर जा, पहाट चालण्यासाठी ठेवा.

हनुमान टेकडी बऱ्याच लोकांना वेताळ टेकडीचाच भाग वाटते, पण मधे सेनापती बापट रस्ता आहे आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. ही छोटी. फर्ग्युसन कॉलेजच्या मागून किंवा बापट रस्त्याच्या बाजूनं वर यायचं, वर मारुतीचं देऊळ, आणि सगळं मिळून तास-दीड तासात घरी. ऑफिसच्या आधी उरकायचं असेल, डेक्कन-शिवाजीनगर-मॉडेल कॉलनीच्या आसपास राहत असाल, तर वेताळपेक्षा हीच घ्या, कारण जी टेकडी दाराशी आहे तीच आठवड्यातून चार वेळा होते. पण उतार हा तिचा कमकुवत भाग, चढ छोटा म्हणून लोक चपला घालून येतात आणि उतरताना त्या सुट्या मुरमावर घसरतात. तळाला खाच असलेले बूट हवेतच, आणि उतरताना पावलं छोटी, गुडघा जरा वाकलेला, टाच आपटायची नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना १२ जून १९०५ ला केली ती याच टेकडीवर, हे तिथं रोज फिरणाऱ्यांतल्याही पुष्कळांना माहीत नसतं. दुसरी गोष्ट, अंधार पडायच्या आत खाली यायचं, एकट्यानं कानात इअरफोन घालून आडवाटेला जायचं नाही. हे शहरातल्या सगळ्याच टेकड्यांना लागू आहे पण इथं वाटा लगेच निर्मनुष्य होतात म्हणून इथं जास्त.

आता तळजाई आणि पर्वती, दोन्ही दक्षिणेकडच्या, दोन्ही सहकारनगर-बिबवेवाडीवाल्यांच्या हाताशी, आणि उताराच्या बाबतीत एकमेकांच्या बरोबर उलट. तळजाईला उतार जवळपास नाहीच. गाडी वरपर्यंत जाते, पाचगाव पर्वतीच्या वनविहारात शिरलं की रुंद मातीचा रस्ता, दोन्ही बाजूला झाडी, आणि सपाट. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वजन खूप आहे, बरेच महिने काही हालचाल नव्हती आणि आता सुरू करायचंय, बाळंतपणानंतर परत चालायला लागायचंय, अशा कोणालाही मी डोळे मिटून तळजाई सांगेन. मातीचा रस्ता काँक्रीटपेक्षा पायाला मऊ लागतो आणि दमलात तर जिथं आहात तिथून मागं फिरायचं, बास. तोटे दोन. वनखात्याच्या वेळा असतात, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या, त्यामुळे भर दुपारी मन झालं म्हणून जाता येत नाही, निघायच्या आधी सध्याची वेळ विचारून घ्या. आणि गर्दी. सकाळी तिथं ग्रुपच्या ग्रुप असतात, मोठ्यानं गप्पा, मोबाईलवर भजनं, ज्याला शांतता हवी त्याला त्रास होतो, तरी आत जितकं जाल तितकी गर्दी कमी होते, पुढच्या भागावरून मत बनवू नका.

पर्वती म्हणजे पायऱ्या. शंभरेक दगडी पायऱ्या, रुंद आणि बसक्या, त्यामुळे चढायला वाटतात त्यापेक्षा सोप्या. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ, बाकीची देवळं, संग्रहालय, आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेबांनी प्राण सोडले ते इथंच. जुनं पुणं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते नीट बघायचं तर मला पर्वतीची गच्चीच आवडते, वेताळवरून शहर लांब दिसतं, पर्वतीवरून ते पायाशी दिसतं. पण रोजचं चालणं म्हणून पर्वती निवडायची तर विचार करा. व्यायाम हवा म्हणून लोक पाच-पाच दहा-दहा वेळा वरखाली करतात, म्हणजे तितक्या वेळा उतरतात पण! तरण्या, धडधाकट माणसाला आणि ट्रेकची तयारी करणाऱ्याला हे उत्तम आहे, कमी वेळात यापेक्षा जास्त दमछाक शहरात कुठंच होत नाही. गुडघ्याची तक्रार असलेल्याला मात्र दगडी पायऱ्या उतरण्यासारखं वाईट काही नाही, त्यांनी एकदा चढायचं, वर बराच वेळ फिरायचं, आणि एकदाच सावकाश उतरायचं. पावसात पायऱ्या बुळबुळीत होतात, तेव्हा तर सावकाशच.

बाणेर टेकडीबद्दल थोडक्यात सांगतो. बाणेर, पाषाण, सूस रोड, बालेवाडीकडं राहणाऱ्यांना शहरात येऊन वेताळ चढण्यापेक्षा हीच बरी. तुकाईच्या देवळाकडून चढ आहे, वर झाडं लोकांनी कष्टानं लावून जगवलीत, तरीही सावली कमीच, म्हणून सकाळी लवकर किंवा मावळतीला. पक्षी बघायची आवड असेल तर टेकडीच्या ऐवजी पाषाण तलावाचा काठ, तिथं चढ-उतार काहीच नाही आणि हिवाळ्यात पाणपक्षी असतात, पण चालण्याचा व्यायाम म्हणून ते अंतर कमी पडतं. पिंपरी-चिंचवड, देहूरोडच्या बाजूचे असाल तर घोरावडेश्वर, पायऱ्यांनी वर कातळात कोरलेली लेणी, शिवाचं स्थान, आणि वरून एक्सप्रेसवे आणि गहुंजेचं स्टेडियम. बेगडेवाडी स्टेशनवर लोकलनं उतरून जाता येतं हा मोठा प्लस पॉइंट. पण ही पायऱ्यांची जागा, म्हणजे पर्वतीला जे बोललो तेच इथंही. महाशिवरात्रीला यात्रा असते, चालायला जायचं तर तो दिवस सोडा.

आता सिंहगड. हा रोजचा नाही, आठवड्याचा आहे, आणि काही लोक दर रविवारी वर्षानुवर्षं जातात ते बघून नवख्या माणसाला वाटतं आपणही पहिल्याच रविवारी जावं. शहरापासून साधारण ३० किलोमीटर, गडाची उंची १३०० मीटरच्या थोडी वर, आणि आतकरवाडीच्या वाटेनं खालपासून पुणे दरवाजापर्यंत साधारण ६०० मीटरचा चढ. डोंगरात चालणाऱ्यांचा एक जुना हिशोब आहे, सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला वर आणखी एक तास. त्या हिशोबानं सिंहगडाला चढाचाच एक तास धरा आणि अंतराचा त्यात मिळवा, म्हणजे दीड तासाच्या आसपास, आणि नवीन माणसाला दोन लागले तरी काही बिघडत नाही. वेताळ टेकडी न थांबता चढता येत असेल तर सिंहगड झेपेल, दमाचा प्रश्न नाही. प्रश्न परत उताराचाच. तोच ६०० मीटर उतार, सुट्या दगडांचा, जागोजागी उभा, आणि तोपर्यंत पाय थकलेले, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन अंग जड झालेलं. नवख्यांचे पाय मुरगळतात ते बहुतेक उतरतानाच.

पण सिंहगडाला एक सोय आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, उतार ऐच्छिक आहे. गाडीरस्ता वरपर्यंत आलाय, शेअर जीप मिळतात, म्हणजे चढा पायी आणि गुडघे नाही म्हणत असतील तर उतरा जीपनं, त्यात कमीपणा काही नाही. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीएमएलची ५० नंबरची बस आहे, स्वतःची गाडी लागत नाही आणि खरं तर नेऊच नका, पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि दरड आली की घाटरस्ता बंद. गर्दी नको असेल तर कल्याण गावाकडून कल्याण दरवाजाची वाट घ्या, ती आतकरवाडीपेक्षा शांत, पण वाटेत ताक-लिंबूसरबतवाले भेटतील या भरवशावर जाऊ नका. तानाजी मालुसऱ्यांची १६७० ची लढाई ज्या गडावर झाली तो बघायला म्हणून जाणार असाल तर पायीच चढा एवढं मात्र म्हणेन, कडा डोळ्यासमोर असल्याशिवाय ती लढाई काय होती ते कळत नाही.

आणि शेवटी कात्रज ते सिंहगड, के टू एस. याला मी सिंहगडाच्या पुढची पायरी म्हणणार नाही, हे प्रकरणच वेगळं. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी सुरुवात, मग एकामागून एक टेकड्या, लोक तेरा म्हणतात, कोणी त्याहून जास्त मोजतात, आणि अंतर साधारण १५ किलोमीटर. चढ एकेक घेतला तर कुठलाच भयानक नाही, त्यामुळेच फसगत होते, कारण जितके चढ तितकेच उतार, शेवटच्या चार-पाच टेकड्या उतरताना मांड्या थरथरायला लागतात. पौर्णिमेच्या रात्री करायची पद्धत आहे, चांदण्यात तो डोंगरमाथा खरंच देखणा दिसतो, शहराचे दिवे एका बाजूला आणि दुसरीकडं काळोख. पण बाकीच्या सगळ्या वाटांना जी सोय आहे ती इथं नाही, मधेच सोडून द्यायचं म्हटलं तर अंधारात खाली जायची वाट सापडणं अवघड. पावसाळ्यात घसरडं, उन्हाळ्यात वाळक्या गवताला वणवे लागतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. वाट माहीत असलेला माणूस सोबत हवा, पहिल्यांदा दिवसाउजेडी केलेलं चांगलं. सिंहगड आतकरवाडीनं पायी चढून पायीच उतरलात आणि दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर के टू एसचा विचार करा, आणि पाणी सगळं घरून भरून न्या, वाटेत मिळेल असं धरूच नका.