कूलरखालचे रबरी पाय : परभणीच्या उन्हाळ्यात

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर चालणारा पत्र्याचा कूलर खोली गार करतो, पण झोपू देत नाही. म्हणून परभणीच्या बाजारातून आणलेले जाड रबरी पाय लोखंडी स्टँड व कूलर यांच्यामध्ये बसवले आणि मोबाइलवरील ध्वनिमापक ॲपने, फोन उशीजवळ त्याच जागी ठेवून, आधी व नंतर मोजणी केली. असे ॲप प्रमाणित मापकाइतके अचूक नसते, परंतु दोन मोजण्यांतील फरक कळण्यास ते पुरते. आवाज सुमारे ४ डेसिबलने उतरला. ३ डेसिबलची घट म्हणजे ध्वनिऊर्जा जवळपास निम्मी. कानाला मात्र आवाज निम्मा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात, त्यामुळे ‘एकदम शांत’ हा दुकानदाराचा शब्द अतिशयोक्तीचाच.

पत्र्याची थरथर आणि स्टँडमधून फरशीत उतरणारी घरघर थांबली, आणि त्यासाठी हे पाय घेण्यासारखे आहेत. पात्यांनी कापलेल्या हवेचा घोंगाट त्यांनी हटत नाही. तो पंख्याचा वेग उतरवल्यावरच घटतो. वाकलेले पाते असल्यास आधी ते सरळ करून घ्यावे. खिडकीबाहेरच्या कूलरखाली मात्र रबर उन्हाने कडक होऊन तडकते.