बडोद्यात भाड्याचं घर घेताना आमचे १ लाख ८२ हजार कसे गेले

३१ मे २०२५, शनिवार. नाशिकहून निघालेला आमच्या सामानाचा टेम्पो सकाळी साडेदहाला बडोद्याच्या भायली भागातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी पोचला, तेव्हा तिथे आधीच एक टेम्पो उभा होता. त्यात पलंग, गाद्या, वर बांधलेल्या हिंचक्याच्या कड्या. खाली एक बाई लेकराला कडेवर घेऊन सारखा फोन लावत होत्या. मीही फोनच लावत होते. दोघींना एकच नंबर बंद लागत होता.

त्या भरूचहून आल्या होत्या. आम्ही आपापले भाडेकरार पिशवीतून काढले आणि टेम्पोच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. फ्लॅट तोच, मजला तोच, सही तीच. वॉचमन जवळ आला, कागदांकडे बघून म्हणाला, “वो तो खुद किराये पे रहते थे. बुधवार को खाली करके गए.”

आम्ही घाईत काही केलं असं म्हणायलाही जागा नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

नवऱ्याची बदली फेब्रुवारीतच ठरली होती, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात. मुलगी सहावीत जाणार, शाळा जूनमध्ये. हातात साडेतीन महिने होते. आम्ही चार वेळा बडोद्याला आलो. दांडिया बाजारात नवऱ्याची आत्या राहते; तिच्याकडे उतरायचं आणि दिवसभर तिच्या मुलाच्या स्कूटरवर हिंडायचं. मी वहीत रकाने आखले होते. कारखान्याचं अंतर, शाळा, पाणी, भाडं. आणि सगळ्यांत आधीचा रकाना पुराचा.

ऑगस्ट २०२४ मधली बडोद्याची दृश्यं आम्ही नाशिकला बसून पाहिली होती. विश्वामित्री नदीनं २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही पुढे गेलं. मगरी सोसायट्यांत शिरल्या. आत्या म्हणाल्या, २०१९ च्या ३१ जुलैला तर एका दिवसात वीस इंचांच्या घरात पाऊस झाला होता. वरून आजवा सरोवराचं पाणी सुटलं की नदीला शहरातून जायला जागा पुरत नाही. त्यामुळे मुजमहुडा, अकोट्याचा सखल भाग, वडसर, कलाली, समा असं जिथे जिथे गेलो तिथे मी इस्त्रीवाल्याला, किराणा दुकानदाराला विचारलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं? लोक हातानं दाखवायचे. गुडघा, कंबर, एका ठिकाणी छाती. काही कंपाउंडच्या भिंतींवर गाळाची रेघ तेव्हाही दिसत होती. ही चौकशी प्रत्येकानं करावी. त्यात आम्ही कमी पडलो नाही.

कारखान्याला मांजलपूर सगळ्यांत सोयीचं. मराठी घरंही तिथे भरपूर. पण आम्हाला हवं तसं घर मिळेना. गोत्रीत भाडं झेपेना. भायली मनात भरली ती रुंद रस्त्यांमुळे आणि शाळेमुळे. अंतर जास्त होतं, पण नवरा म्हणाला, मी करीन तेवढं.

ज्याचा नंबर बंद लागत होता तो माणूस एका जाहिरातीतून भेटला. फोनवर माझं हिंदी ऐकून लगेच मराठीत बोलायला लागला. बडोद्याचं मराठी, ‘ताई, जरा जोऊन घ्या’ असं मधेच गुजराती मिसळलेलं. आजोळ सांगलीकडचं म्हणाला. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की खांद्यावरचं ओझं हलकं होतं. ते माझंही झालं, हे कबूल करते.

पण मी विश्वास ठेवला तो भाषेवर नाही. पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं, “समा-सावली रोडला एक स्वस्त फ्लॅट आहे माझ्या ओळखीत. पण तो मी तुम्हाला दाखवणार नाही. २०२४ ला तिथे तळमजल्यात पाणी होतं, आणि तुम्ही लेकरू घेऊन येताय.” माझ्या वहीतला पहिला रकाना त्यानं न विचारता भरला होता. पुढे म्हणाला, भायली २०२० मध्ये महापालिकेत आली, सगळ्या सोयी अजून शहरासारख्या नाहीत. उन्हाळ्यात कधीकधी टँकर मागवावा लागतो, कोणी नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुद्दाम जाऊन पाहिलं. खरंच एक टँकर आत शिरत होता. शाळेची बस कुठे थांबते ते त्यानं सांगितलं, तेही खरं निघालं. संध्याकाळी रेल्वे फाटकाच्या बाजूला गर्दी होते, तेही.

त्यानं परिसराबद्दल एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. आम्ही ज्या ज्या गोष्टी तपासत होतो त्या सगळ्या खऱ्या ठेवल्या, आणि जी तपासलीच नाही तिथे हात मारला. प्रत्येक खरी गोष्ट पडताळली की मला वाटायचं, माणूस पडताळला. घर कोणाचं आहे हा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

घर मामांचं, मामा कॅनडात, असं तो म्हणाला. मुखत्यारपत्राची झेरॉक्स दाखवली. भाडं १७,००० सांगितलं. मग म्हणाला, मामांना दर महिन्याची कटकट नको, अकरा महिन्यांचं आगाऊ दिलंत तर १४,००० नं देतो. अकरा महिन्यांचे १,५४,००० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट २८,०००. दलाली नाही, कारण ‘मी काय दलाल आहे?’ ४ मे ला आम्ही २८,००० यूपीआयनं दिले, दुसऱ्या दिवशी उरलेले बँकेतून पाठवले. खातं त्याच्या भावाच्या नावावर होतं. नोटरीकडे जाऊन ई-स्टॅम्पवर करार झाला. किल्ली ३१ तारखेला, तोवर रंग काढून घेतो म्हणाला.

आत्यांनी एकदाच विचारलं होतं, “वॉचमनशी बोललात का ग?” बोललो होतो. पण प्रत्येक वेळी तो माणूस शेजारी उभा असायचा, आणि वॉचमन त्याला सलाम करायचा. भाडेकरूलाही वॉचमन सलाम करतोच, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

फाटकावरून आम्ही सामानासह दांडिया बाजारात आलो. आत्यांच्या खालच्या खोलीत टेम्पो रिकामा केला. त्यांच्या ओळखीचे एक वकील संध्याकाळी आले, कागद पाहिले आणि एकेक करून बाजूला ठेवत गेले. ते जे बोलले ते मी त्याच रात्री लिहून काढलं.

ई-स्टॅम्प खरा होता. गुजरातमध्ये १ ऑक्टोबर २०१९ पासून कागदी स्टॅम्पची विक्री बंदच आहे, ई-स्टॅम्प कोणालाही पैसे भरून मिळतो. त्यावर ‘मालक’ म्हणून जे नाव सांगाल ते छापलं जातं. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. नोटरीही सही करणाऱ्याची ओळख बघतो, घराचे कागद काढत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. आपल्याकडे भाडेनियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, आधार आणि अंगठा लागतो. आपल्याला त्याची सवय असते, म्हणून करार झाला की सरकारी नजरेखालून गेला असं वाटतं. इथे अकरा महिन्यांचा नोटरी करार सर्रास चालतो. नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, अकरा महिने त्याच्या आत बसतात. म्हणजे आमचा करार आमच्या चौघांखेरीज कोणी पाहिलाच नव्हता: आम्ही दोघं, तो आणि नोटरी.

मुखत्यारपत्राच्या झेरॉक्सवर वकिलांनी बोट ठेवलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीकडे साक्षांकित व्हावं लागतं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं, फक्त एक गोल शिक्का. मालक खरोखर अनिवासी असेल तर त्याचं इथलं भाडं सहसा त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या खात्यात, जमा होतं, आणि भाडेकरूनं आधी त्यातून कर कापायचा असतो. ‘भावाच्या खात्यात टाका’ हे ऐकूनच थांबायला हवं होतं, असं ते म्हणाले. रागावून नाही, पण मला ते फार लागलं.

मग त्यांनी विचारलं, वेरा बिल पाहिलंत का? घरपट्टीला इथे वेरा म्हणतात. लाइट बिल मध्य गुजरात वीज कंपनीचं असतं. दोन्हींवर नाव असतं. दस्ताचा इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा सारांश, दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येतो. एवढ्या चौकशीला एक दिवस लागला असता. आम्ही मगरींची चौकशी करण्यात चार फेऱ्या घातल्या होत्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली. पण हा नंबर खरा उपयोगी पडतो तो पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, खात्यातली रक्कम पुढे सरकण्याआधी. आमचे जाऊन सव्वीस दिवस झाले होते. खात्यात शिल्लक काही उरली नव्हती. पोलीस चौकीत पहिल्यांदा ‘हा भाड्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा’ असं ऐकावं लागलं. रविवारी आणंदहून तिसरं कुटुंब त्याच फ्लॅटच्या दारात येऊन उभं राहिलं, मग आम्ही तिघं मिळून, तिन्ही करार एकत्र जोडून गेलो. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. फसलेली माणसं एकेकटी गेली की प्रत्येकाचा वाद वाटतो, एकत्र गेली की धंदा दिसतो. म्हणून तुमच्यासारखं दुसरं कोणी आहे का, हे आधी शोधा.

खऱ्या मालकीणबाई खरोखरच परदेशात असतात. त्यांनी त्या माणसाला मार्चमध्ये रीतसर भाड्यानं घर दिलं होतं आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची ती दिलीच नव्हती. फोनवर त्या रडल्या. त्यांच्यावर राग धरायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. पण घरमालक हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, भाडेकरूची नोंद टाळू नका. त्याचा जुना पत्ता आणि फोटो ठाण्यात असता तर तपासाला कुठून तरी सुरुवात झाली असती.

आम्ही आता मांजलपुरात राहतो, दोन खोल्यांत. मुलीची शाळा बदलली. सासूबाईंनी वर्षभर साठवलेले पैसे त्या डिपॉझिटमध्ये होते, तो विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

हे सगळं लिहायला मी बसले नसते. पण गेल्या आठवड्यात आत्यांच्या भजनी मंडळातल्या ओळखीनं जळगावहून एका बाईंचा फोन आला. गोत्रीत फ्लॅट बघितलाय, मालक ऑस्ट्रेलियात, त्यांचा भाचा मराठी बोलतो, फार प्रामाणिक आहे, पाण्याची अडचणसुद्धा त्यानं स्वतःहून सांगितली. टोकन उद्या द्यायचं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या कोणाला तरी आज तिथे पाठवा, तो नसताना, आणि वॉचमनला विचारा.

रात्री त्यांचा परत फोन आला. वॉचमन म्हणाला होता, तो तीन आठवड्यांपूर्वी राहायला आलेला नवा भाडेकरू आहे.