जुन्या सर्व्हरची एएमसी आणि दिल्लीहून आलेली 'नवी' डिस्क

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. बिलिंग ज्यावर चालतं तो सर्व्हर डेलचा पॉवरएज आर७२०, २०१२ साली बाजारात आलेलं मॉडेल. मशीन दणकट आहे, आमच्या कामाला आजही पुरून उरतं. मालकांना ते बदलायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. कंपनीची वॉरंटी केव्हाच संपलेली. तेव्हा शहरातल्याच एका एजन्सीचा माणूस आला. कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, पार्टसकट. चार तासांत रिस्पॉन्स. स्पेअरचा स्टॉक नागपुरातच. वर्षाचे पैसे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. एजन्सीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. पद्धत मात्र सगळी सांगतो.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, एक डिस्क गेली. आमच्या डिस्क रेड ५ पद्धतीने एकत्र जोडलेल्या, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालतं, दुसरी गेली की सगळं संपलं. फोन केला. चार तासांच्या आत उलटा फोन आला, "इंजिनिअर निघाला साहेब." झाला त्यांचा रिस्पॉन्स! पार्ट बसवून मशीन कधीपर्यंत चालू करून देणार, याची मुदत करारात कुठेच नव्हती. इंजिनिअर दोन-तीन दिवसांनी उगवला. खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी दिल्लीची. नागपुरातला स्टॉक तो हाच.

डिस्कवर कोरं करकरीत लेबल, तारीख २०२१ ची. खोकं मात्र सेलोटेप लावून बंद केलेलं. "नवी आहे ना?" "एकदम फ्रेश हाय भाऊ, डब्बा तेवढा वाहतुकीत फुटला."

डिस्क आत सरकवली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा तयार करणं) सुरू झालं आणि तो चहाला गेला. तेवढ्यात मी स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड, चालवून पाहिलं. सॅस डिस्क, म्हणजे सर्व्हरमध्ये लागते ती, स्वतःच्या जन्माची नोंद पोटात ठेवते. हिच्या पोटात २०१३ सालचा एकतिसावा आठवडा निघाला. पॉवर ऑन टाइम ४४ हजार तासांच्या वर. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ही बाई पाच वर्षं अखंड फिरून आमच्याकडे आली होती. ग्रोन डिफेक्ट लिस्ट, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची यादी, तीही शून्य नव्हती. रिबिल्डमध्ये उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो. त्याच वेळी असला माल!

प्रिंट काढून समोर ठेवली तर म्हणे, "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवते." त्याच्या साहेबांनी फोनवर करारातलं कलम वाचून दाखवलं: 'उपलब्धतेनुसार समतुल्य पार्ट'. नवा असेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे खरंच.

मग मी आयड्रॅकचा, म्हणजे डेल सर्व्हरमधल्या देखरेखीच्या चिपचा, लाइफसायकल लॉग उघडला. कोणता पार्ट निघाला, कोणता लागला, हे सर्व्हर त्यात तारखेसकट लिहून ठेवतो. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या नावाखाली एजन्सीच्या इंजिनिअरने धूळ काढायला मशीन खोललं होतं, त्याच तारखेला नेटवर्क कार्ड बदललेलं! आमचं मूळ कार्ड १० गिगाबिटचं, जागेवर साधं १ गिगाबिटचं. १० गिगाबिटचे पोर्ट आम्ही वापरत नव्हतो, म्हणून वेगात फरक पडला नाही. कार्ड बदललं म्हणूनच त्या दिवशी आयपी (सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता) पुन्हा टाकावा लागला होता, त्यावर त्याचं उत्तर, "साफसफाईत होते असं." आमचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी एएमसीत 'समतुल्य पार्ट' म्हणून लागलं असणार.

पैसे परत मिळाले नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलांनीच बंद केला, कारण २०१९ च्या कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. एजन्सीला पाठवलेली नोटीस परत आली. फसवणुकीचा अर्ज पोलिसांत दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. बघू.

आता तसाच एक सेकंड हँड आर७२० घेऊन ठेवलाय, पार्टांसाठी. बाहेरचा इंजिनिअर येण्याआधी हार्डवेअर इन्व्हेंटरी, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टांची यादी, एक्स्पोर्ट करतो, तो गेल्यावर पुन्हा, आणि सिरीयल नंबर जुळवतो. हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत असेच कोटेशन फिरताहेत. तुमच्याकडे आलं तर सही करण्याआधी एकच विचारा: बाद झालेली डिस्क आमच्याकडेच राहील ना? आमच्या गिऱ्हाइकांचा डेटा असलेली डिस्क त्या इंजिनिअरने न विचारता पिशवीत टाकली होती, आणि मी परत मागितली तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला.