‘मिरजेच्या डॉक्टरांची गाडी’: पुरात बुडालेली सेदान कशी खपवतात

सांगली-मिरजेत जुन्या गाड्या विकणाऱ्या एजंटांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, ‘मिरजेच्या डॉक्टरांची गाडी, एकहाती.’ दुसरं, ‘विट्याच्या गलाईवाल्यांची आहे, वर्षातून दोनदा गावी येतात, रनिंगच नाही.’ (गलाईवाले म्हणजे परगावी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे.) दोन्ही खरी असू शकतात, म्हणून तर चालतात. तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराला पहिलं वाक्य 4 लाख 60 हजारांना पडलं.

गाडी 2017 ची, डिझेल सेदान, टॉप मॉडेल. मीटरवर 58 हजार. पॉलिश ताजं, सीट कव्हर नवी, आत सुगंधी डबी. आरसीवर मालक क्रमांक 1, चासी नंबर जुळणारा, बँकेचा बोजा नाही. पाहुण्यातल्या एका जाणकारानं बॉनेट उघडून ‘इंजिन कोरडं आहे’ असा निर्वाळाही दिला. पहिल्या पावसाळ्यात काचा अर्ध्यावर अडकू लागल्या, एअरबॅगचा दिवा लागून राहिला, स्टिअरिंग मधूनच जड व्हायचं. नंतर सकाळी गाडी चालू व्हायला नकार देऊ लागली आणि ऊन पडलं की मुकाट चालू व्हायची. फिटरनं शेवटी पुढचा कार्पेट उचलला. खालच्या फोमवर सुकलेल्या काळ्या गाळाचा थर होता. ऑगस्ट 2019 च्या पुरात गाडी सीटच्या वरपर्यंत बुडून गेली होती.

कागद सगळे खरे होते आणि फसवणूक त्यांच्याच आडून झाली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि भंगार म्हणून गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा मूळ मालकानं सही केलेले, मालकी बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म घेऊन ठेवतो, पण गाडी स्वतःच्या नावावर करत नाही. धुऊन, वाळवून, जुन्या बाजारातला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बसवून ती पुढे सरकते. त्यामुळे आरसीवर खरोखरच एक मालक दिसतो. फक्त त्या मालकानं 2019 नंतर ती गाडी पाहिलेलीसुद्धा नसते. म्हणून इसार देण्याआधी आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला. नंबर एजंटाकडून घेऊ नका, पत्त्यावर जा. मिरजेचे डॉक्टर असतील तर सापडायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी खूण विम्याच्या पॉलिसीत असते आणि ती जवळजवळ कुणीच बघत नाही. क्लेम न केल्याची सवलत, म्हणजे एनसीबी, दर वर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी चढते. जानेवारी 2017 च्या एकहाती गाडीला जानेवारी 2020 च्या पॉलिसीत 35 टक्के दिसायला हवेत. तिथे शून्य असेल तर 2019 मध्ये क्लेम झालाय किंवा पॉलिसी 90 दिवसांपेक्षा जास्त काळ खंडित होती. मालक बदलला असेल तर शून्य असणं रास्त आहे, कारण ही सवलत माणसाची असते, गाडीची नाही. पण एकहाती गाडी आणि शून्य एनसीबी यांचं जमत नाही. ऑगस्ट 2019 किंवा जुलै 2021 नंतर फुल पॉलिसी जाऊन नुसती थर्ड पार्टी आली असेल तर संशय दुप्पट धरा. थर्ड पार्टीसाठी गाडी तपासायला कुणी येत नाही. तेव्हा चालू पॉलिसीवर समाधान न मानता मागच्या चार-पाच वर्षांच्या पॉलिसी मागा. ‘हरवल्या’ म्हणाले तर पुढचं बोलणंच नको.

गाडीवर हात घालायचा तर पॉलिश जिथे पोचत नाही तिथे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रिळाजवळच्या टोकाला पाण्याची रेघ राहते. पट्टाच नवा दिसला तर त्याच्या लेबलवरची तारीख गाडीच्या सालाशी ताडून बघा. सीटखालचे रेल आणि बोल्ट, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्ट्या बॅटरीच्या उजेडात पाहा. फ्लोअरचे रबरी बूच काढून परत बसवल्याच्या खुणा असतात. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी गाळाची रेघ सापडली तर इंजिननं पाणी ओढलं असण्याची शक्यता आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बुडालेली गाडी कुणी स्टार्ट मारली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवरही इंजिन काही महिने चालतं; त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं, एवढाच पुरावा.

खरी बरबादी वायरिंगची. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी इन्सुलेशनच्या आत चढत जातं आणि बाहेरून वायर कोरी दिसते. आत हिरवट थर धरतो. सेन्सर 5 व्होल्टवर चालतात, तिथे थोडा रोध वाढला तरी कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जातो. हवेत ओल असली की बिघाड, ऊन पडलं की गायब, हा खेळ त्यामुळेच. कपलर, म्हणजे वायरी जोडणारे सांधे, साफ केले तर एक-दोन महिने निघतात. मेन वायरिंग, बॉडी कंट्रोल युनिट आणि एअरबॅग मॉड्यूल बदलायला गेलात तर दीड लाखही पुरत नाहीत. आणि एअरबॅगचं मॉड्यूल साफ करून वापरू नका. ऐन वेळी फुगा फुगला नाही तर?

एजंट एअरबॅगचा दिवा दोन प्रकारे लपवतात: बल्ब काढतात किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. किल्ली फिरवून इंजिन चालू न करता मीटर बघा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा इंजिन चालू केल्यावर ऑईलच्या दिव्याबरोबर विझला, तर कुणीतरी हात मारलाय. स्कॅनर लावला की फक्त फॉल्ट कोड विचारू नका, ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा विचारा. तिथे 11 किलोमीटर दिसले तर कोड आज सकाळीच पुसलेत. एकाच वेळी पाच-सहा मॉड्यूल ‘संपर्क नाही’ म्हणत असतील तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही.

मीटर मागे घेण्याची चाल वेगळी, पण तोटा मोठा. लोकांना वाटतं, पाच-पन्नास हजार जास्त गेले. त्याहून वाईट हे की टायमिंग बेल्टचं वेळापत्रक कोलमडतं. बेल्टवर चालणाऱ्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तो लाख किलोमीटरच्या आसपास बदलावा लागतो. मीटर 1 लाख 30 हजारांचं 58 हजार केलं तर नवा मालक निवांत राहतो, बेल्ट तुटतो, व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. टायरवरच्या चार अंकी कोडात आठवडा आणि साल असतं. मीटरवर 58 हजार दाखवणाऱ्या गाडीचे पहिले टायर कधीच गेलेले आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत असेल तर मीटर सोडा, पेडलवर विश्वास ठेवा.

बरी गाडी मिळाली तरी सेदान स्वस्तात सांभाळली जात नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यांवर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट आधी जातात, आणि कमी उंचीमुळे गतिरोधकावर पोट घासतं. क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हील असलं तर बिल साधारण 40-50 हजारांवर जातं. चार टायर 25 हजारांच्या आसपास. ड्राय क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसतात का ते ट्रॅफिकमध्ये बघा, मोकळ्या हायवेवर नाही. खरेदीच्या वर 60-70 हजार बाजूला नसतील तर लहान गाडीच बरी.

व्यवहारात एजंट स्वतःचं नाव कागदावर येऊ देत नाही. नोटरीचा करार मूळ मालक आणि घेणारा यांच्यात होतो. याला कारण आहे. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, घरची गाडी विकणाऱ्याविरुद्ध तसं जाता येत नाही. म्हणून पैसे एजंटाच्या बँक खात्यावरच द्या आणि ‘गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉसचा क्लेम झालेला नाही, मीटर बदललेलं नाही’ ही ओळ त्याच्या सहीनं घ्या. सही टाळली की उत्तर मिळालंच.

फसगत आधीच झाली असेल तर आयोगाकडे जायची मुदत 2 वर्षं आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पोलिसांत तक्रार वेगळी देता येते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, एजंटाचे मेसेज आणि जुन्या पॉलिसींच्या प्रती जपून ठेवा. कार्पेट उचलल्यावर फिटरला लगेच झाडू मारू देऊ नका. गाळ आणि हिरवे पडलेले कपलर जागच्या जागी, नंबर प्लेट दिसेल अशा व्हिडिओत घ्या आणि फिटरकडून तारखेसह लेखी घ्या, मगच पुढचं काम काढा.