आरओ, यूव्ही की पातेल्यातलं उकळलेलं पाणी?

गेल्या पावसाळ्यात वॉटर प्युरिफायर विकणारा एक मुलगा दारात आला आणि त्याने दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळलेलं. मग बॅगेतून सळ्यांचं एक यंत्र काढून प्लगला जोडलं आणि दोन्ही ग्लासांत बुडवलं. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा अक्षरशः काढा झाला, वर हिरवट-तपकिरी साका तरंगायला लागला. आरओचं पाणी मात्र जसंच्या तसं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे पितो होय आपण!"

मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव. तेही तपकिरी झालं. तो साका म्हणजे सळीच्याच लोखंडाचा गंज. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून ते स्वच्छ दिसत राहतं. पाणी चांगलं की वाईट हे त्यातून काहीच कळत नाही.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. खडकवासल्याचं पाणी आमच्या नळाला ९०च्या आसपास येतं. त्यात थोडं गटाराचं पाणी मिसळलं, तरी मीटरचा आकडा फारसा हलणार नाही. आणि पुण्यात भीती नेमकी तीच आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले. त्यातल्या काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला, तेव्हा कुणी टीडीएसबद्दल बोलत नव्हतं.

म्हणून यंत्राचा विचार करण्याआधी आपलं पाणी कुठून येतं ते बघा. धरणाचं, बोअरचं, की टँकरचं?

धरणाचं, पालिकेने शुद्ध केलेलं पाणी असेल, तर बिघाड बहुधा वाटेत होतो. पाणी दिवसातून दोन तास येतं, बाकी वेळ पाइपात दाब नसतो, आणि शेजारून ड्रेनेज गळत असेल तर ती घाण आत ओढली जाते. उरलेली कसर सोसायटीची जमिनीखालची टाकी भरून काढते. आमची टाकी धुतली तेव्हा तळाला बोटभर गाळ निघाला होता. इथे शत्रू जंतू आहेत आणि त्यांच्यासाठी उकळण्यासारखा खात्रीचा उपाय नाही. खळखळून उकळी आली की मिनिटभर राहू द्यायचं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. तरी रोजचं दहा लिटर उकळायचं तर माझ्या हिशोबाने महिन्याला साधारण पाव सिलिंडर जातो. शिवाय ते निवेपर्यंत वाट बघायची, आणि मे महिन्यात स्वयंपाकघराची भट्टी होते ती वेगळीच.

त्यापेक्षा सुटसुटीत यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा. पाणी वाया जात नाही, चव बदलत नाही. पण वीज गेली की बंद, आणि पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे पुढे गाळणी हवी आणि दिवा साधारण वर्षाने बदलायला हवा. दिवा निळा दिसतोय म्हणजे काम करतोय, असं नसतं.

स्टीलचा कॅन्डल फिल्टर गाळ अडवतो, विषाणू नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. क्लोरीनचे थेंब स्वस्त आणि प्रवासात, पुरात उत्तम. बाटलीवर लिहिलंय तेवढेच घालायचे आणि अर्धा तास थांबायचं. मुलं वासामुळे नाक मुरडतात, मुरडू देत.

आता आरओ. माझी नणंद दर्यापूरला असते. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. तिच्या घरच्या बोअरच्या पाण्यावर मीटर १८०० दाखवतो, चहा खारट लागतो, डाळ शिजता शिजत नाही. उकळलं तर क्षार आणखी दाट होतात, यूव्ही क्षारांना हातही लावत नाही. तिथे आरओच हवा. किनवट, पांढरकवड्याकडे बोअरला फ्लोराइड लागतं, तिथेही तेच. शहरात बारा महिने टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनीही आधी मीटर लावून बघावा, ५००च्या बराच वर गेला तरच आरओ.

माझ्यासारखीने ९०च्या पाण्याला आरओ लावणं मात्र उधळपट्टी. एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जातात, आणि उरतं त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही गेलेले असतात. ५००च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं होतं. दुकानात मात्र 'आरओ प्लस यूव्ही प्लस यूएफ' (यूएफ म्हणजे आणखी एक बारीक गाळणी) एवढंच ऐकू येतं. जितके प्लस तितकी फिल्टर बदलण्याची बिलं.

आरओ घेणारच असाल तर एक स्क्रू नीट बघा. बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो. चव सपक लागते म्हणून तक्रार केली की मेकॅनिक तो फिरवून देतो. म्हणजे आरओतून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. साध्या क्षारांना हे चालून जातं. फ्लोराइडच्या गावात मात्र ज्यासाठी यंत्र आणलं तेच परत ग्लासात येतं. नणंदेच्या मेकॅनिकला मी फोनवर हेच विचारलं, तर म्हणाला, "ताई, फ्लोराइड टेस्ट करून आणा, मग ठरवू." भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. या दिवाळीला नणंद बाटली भरून नेणार आहे.

आमच्याकडे शेवटी यूव्हीच बसवला. पावसाळ्याचे चार महिने सासूबाई त्याचंही पाणी उकळतात आणि मी काही बोलत नाही. फक्त माठात हात बुडवून पेला भरायची त्यांची सवय मोडली, लांब दांड्याचं ओगराळं आणून ठेवलं.