जुनी एसयूव्ही की जुनी व्हॅन? मुक्कामी भटकंतीसाठी गाडी निवडताना

डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं आत शिरायचं, पाण्याजवळ किंवा झाडाखाली गाडीतच मुक्काम करायचा आणि सकाळी पुढं निघायचं. एवढ्यासाठी सेकंड हँड गाडी शोधणाऱ्याचा घोळ शेवटी दोन पर्यायांवर येऊन अडतो: जुनी फोर बाय फोर एसयूव्ही की मालवाहू व्हॅन. माझ्याकडे आधी एसयूव्ही होती, आता व्हॅन आहे, आणि दोन्हींचं आतलं काम मी स्वतः केलंय. त्यामुळे पुढं लिहितोय ते वापरातून बनलेलं मत आहे. तुमचे रस्ते वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

पिकअपचा विचार इथेच उरकून घेतो. वजन उचलण्यात तिला तोड नाही, टनाच्या आसपास भार ती सहज नेते. पण मागं टप बसवून झोपायचं तर केबिनमधून मागं जायला वाट नसते, आणि कच्च्या रस्त्याची धूळ फाळक्याच्या फटीतून थेट अंथरुणावर येऊन बसते.

आता एसयूव्ही. लॅडर फ्रेमची (म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर बॉडी बसवलेली) जुनी गाडी, समजा टोयोटा प्राडोची १२० मालिका (२००२ ते २००९), वाईट रस्त्यावर जो भरवसा देते तो व्हॅन देत नाही, हे मोकळेपणानं मान्य करतो. खालून दगड लागेल का, ही धाकधूक राहत नाही. फक्त स्वतःला एक विचारून बघा: तुमच्या सहलींत लो रेंज (फोर बाय फोरमधले मंद वेगाचे, जास्त ओढीचे गिअर) खरंच किती वेळा लागणार? खडीचे रस्ते, शेतातल्या वाटा, कोरडे ओढे यांवर मला गिअरपेक्षा टायरचा उपयोग जास्त झाला. जाड कडांचे चांगले टायर, हवा ३५ वरून २२ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरावर परतताना भरायला छोटा कॉम्प्रेसर. गचके कमी होतात, पकड वाढते, आणि हे कुठल्याही गाडीला लागू पडतं.

मला एसयूव्ही सोडायला लावली ती रस्त्यानं नाही, रात्रीनं. तिच्यात झोपायची जागा आणि सामानाची जागा एकच असते. संध्याकाळी गाडी थांबली की शेगडी, पाण्याचे कॅन, फ्रिज, कपड्यांच्या बॅगा सगळं बाहेर काढायचं नाहीतर पुढच्या सीटवर रचायचं. कोरड्या हवेत चालून जातं. पण पावसात मागचा दरवाजा उघडा ठेवून हा उद्योग केला की गादीचा पायथा भिजलाच म्हणून समजा. त्याहून वाईट म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर स्टिअरिंगपर्यंत सामान रचलेलं असतं. मध्यरात्री ओढ्याला पाणी वाढलं किंवा जागा धड वाटेना, तर किल्ली फिरवून निघताच येत नाही. आधी अंधारात सीट मोकळी करायची. ही गोष्ट मला कधीच पचली नाही.

यावर दोन उपाय सांगितले जातात आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पहिला, प्लायवुडचे ड्रॉवर करून त्यावर गादी. पण २५-३० सेंटिमीटरचा ड्रॉवर, वर गादी, की छत इतकं जवळ येतं की उठून बसता येत नाही. पँट बदलायची तर आडवं पडून, पाणी प्यायचं तर कोपरावर रेलून. दुसरा उपाय टपावरचा तंबू. झोप उत्तम लागते. पण त्याचं वजन ५० ते ७० किलो, आणि बऱ्याच गाड्यांच्या टपाची चालत्या गाडीसाठीची मर्यादा, कॅरिअर धरून, ७५ ते १०० किलो असते. शिवाय दुसऱ्या दिवशी गाडी हलवायची म्हणजे तंबू घडी करणं आलंच, ओला असला तरी.

व्हॅनमध्ये हे दुखणंच उरत नाही. मध्यम आकाराच्या व्हॅनला पुढच्या सीटमागं साधारण अडीच मीटर लांबी मिळते. पलंग गुडघाभर उंच केला की सगळं सामान खाली जातं आणि तिथंच राहतं. पुढच्या दोन सीटमध्ये वाट आहे ना, तेवढं मात्र बघून घ्या. काही व्हॅनना तिथं पत्र्याची भिंत असते. वाट असली की बाहेर पाऊल न टाकता मागं जाता येतं आणि तसंच पुढंही येता येतं.

उणिवा आहेत. पुढच्या चाकांना ताकद असलेली व्हॅन मागं भरली की ओल्या गवतावर चढ घेताना जागेवरच चाकं फिरवते. म्हणून मी गाडी लावताना सकाळी उतारानं निघता येईल अशीच लावतो. बंपरचा खालचा भाग खोलगट वाटेत घासतो, आडवा वारा त्रास देतो. टोयोटाच्या जुन्या हायएससारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथं सीट उचलायला अडेल असं काही कायमचं ठोकून ठेवू नका.

खरेदीच्या वेळी दोघींची तपासणी वेगळी. एसयूव्हीखाली शिरून मागच्या सस्पेन्शनजवळ फ्रेमवर छोटी हातोडी मारत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळाले तर रंग कितीही चकचकीत असो, मी तरी पुढं बोलणी करत नाही. व्हॅनचं आयुष्य बहुधा माल वाहण्यात गेलेलं असतं, म्हणून क्लच आणि सरकत्या दरवाजाचे रोलर आधी बघा, आणि फरशीवरचं प्लाय उचलून पत्रा बघितल्याशिवाय होकार देऊ नका. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

तुमच्या वाटेत खोल चिखल आणि नदीपात्रं नेहमीची असतील तर एसयूव्हीच घ्या, आणि झोपायला जमिनीवरचा साधा तंबू ठेवा. मित्सुबिशीच्या डेलिका डी५ सारखी फोर बाय फोर व्हॅन चांगल्या अवस्थेत मिळाली तर तीही जरूर बघावी. बाकी बहुतेकांना, मला वाटतं, साधी व्हॅनच जास्त रात्री बाहेर काढायला लावेल. गाडी बघायला जाताना घरची गादी आणि दोन भरलेल्या बॅगा सोबत न्या, मालकाची परवानगी घेऊन दोन्ही आत ठेवा, दरवाजे लावा आणि पाय ताणून झोपून बघा.