फॉस्फेट केलेली सुरी, एका पावसाळ्यानंतर

ऐरोलीत खाडीजवळ राहून साधं पोलाद बाळगणं म्हणजे रोजची कटकट. माझी सुरी ट्रकच्या कमानपाट्यातून लोहाराकडून ठोकून घेतलेली, घडी न होणारी, पाच इंची पात्याची. मुरबाडजवळ आमची दहा गुंठे जागा आहे, तिथे बांबू सोलायला, दोऱ्या कापायला, केळीची पानं उतरवायला ती लागते. धारेबद्दल तक्रार नाही. पण लोहाराने हौसेने बफ मारून पातं आरशासारखं करून दिलं होतं. संध्याकाळी हेडटॉर्च लावून काम करताना उजेड उसळून थेट डोळ्यात यायचा. शिवाय गंज होताच.

पहिला प्रयोग घरच्या गच्चीत. बाइकच्या सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा स्प्रे आणला. चार दिवस काय रुबाब! मग म्यानातून काढताना पापुद्रे निघायला लागले. दोष रंगाचा नव्हता. इतक्या गुळगुळीत पात्यावर रंग धरणार कशाला? त्यात थिनरने पुसून झाल्यावर मी पातं उघड्या हाताने उचललं होतं. पहिला पापुद्रा निघाला तिथे माझ्या अंगठ्याचा आकार उमटलेला होता.

मग एमआयडीसीत चौकशी. पावडर कोटिंगवाला म्हणाला, "काका, टाका ओव्हनमध्ये, काही होत नाही." त्याचा ओव्हन 200 अंशांवर. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून लोहार साधारण तेवढंच पुन्हा तापवतो, आणि आमचा लोहार ते रंग बघून करतो, थर्मामीटर लावून नाही. धारेचं पाणी उतरलं तर चाकूची पट्टी होणार. नको म्हटलं.

शेवटी मँगनीज फॉस्फेट केलं, म्हणजे गरम द्रावणात बुडवून पोलादावर फॉस्फेटचा थर चढवला. गिअर आणि इंजिनच्या भागांवर करतात तेच, बंदुकांवरही पूर्वापार चालत आलंय. त्याचं द्रावण 90-95 अंशांचं, म्हणजे पाणी उतरायची भीती नाही. एकाच गोष्टीसाठी मी अडून बसलो: जुना रंग आणि गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवायचं नाही, ब्लास्टिंगच करायचं, म्हणजे बारीक कणांचा जोरात मारा करून खरवडायचं. कडक पोलादात ॲसिडमधून हायड्रोजन शिरतो आणि पातं तडकू शकतं. "एका पीससाठी एवढी नाटकं!" असं पुटपुटत का होईना, त्यांनी केलं. अख्ख्या लॉटचा किमान दर मात्र लावला, 600 रुपये. पातं टाकीत गेल्यावर त्यावर बारीक बुडबुडे धरले, आणि वीसेक मिनिटांनी बाहेर आलं ते शाळेतल्या दगडी पाटीसारखं करडं-काळं. तिथेच तेलात बुडवून दिलं. धार मी घरी येऊन नव्याने लावली.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वापरली. चमक गेली ती गेलीच. हेडटॉर्चचा उजेड पात्यावर पसरतो, उसळत नाही. धारेची बारीक रेघ तेवढी उजळ दिसते, तिला इलाज नाही.

गंजाचं मात्र नीट समजून घ्या, कारण माझाच गैरसमज होता. फॉस्फेट स्वतः गंज फारसा अडवत नाही. त्याला बारीक छिद्रं असतात, ती तेल धरून ठेवतात, आणि अडवतं ते तेल. जुलैत मी तीन आठवडे तेल लावलं नाही, तर मुठीजवळ तांबूस ठिपके आले. खोबरेल लावून पाहिलं, ते चिकट झालं आणि खवट वास मारायला लागलं. आता मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणतो. दुकानदाराने आवाज खाली करून विचारलं, "पोट साफ होत नाही का?"

आंबटापासून जपा. एकदा सरबतासाठी लिंबू कापलं आणि पातं तसंच राहिलं. पंधरा मिनिटांत तिथे फिकट डाग, कारण आम्लात फॉस्फेट विरघळतं. केळीच्या चिकाने मात्र काहीच बिघडलं नाही, उलट धारेलगतचं उघडं पोलाद निळसर काळं झालं. आजीची विळी अशीच काळी होती, तिला कोणी टाकीत बुडवलं नव्हतं.

चामड्याच्या म्यानात ठेवून दिली तर ओल धरते, म्हणून सुरी ठेवताना म्यान वेगळं. प्लास्टिकच्या म्यानाने दोन्ही बाजूंना घासून चकचकीत पट्टे पाडलेत. खरखरीत पातं बांबूत थोडं जास्त अडकतंही. ठाणे, नवी मुंबईत चाकू बाळगण्यावर पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, त्यामुळे लोकलने नेत नाही, ती जागेवरच्या पेटीत असते.

स्वयंपाकघरासाठी करू नका. शेतावरच्या सुरीसाठी मी पुन्हा हेच करेन, फक्त या वेळी आधी बफ मारू देणार नाही.

दिवाळीत लोहाराला दाखवली. त्याने नखाने खरवडलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "एवढं झकास पॉलिश घालवलं कोणी?"